किती दाबाला?

हरेश्वर सर माझ्या टेम्पोचा जॅक नेतात, तो गंज दाबायला. चाक बदलायला नव्हे, गंज! ऐन चिकूच्या हंगामात झाईच्या रस्त्यावर माझा टायर पंक्चर, आणि जॅक सरांच्या पडवीत गंजाची पूड चेपत बसलेला. शेजारी सर, हातात वीज मोजायचा मल्टिमीटर. काटा ढिम्म.

"हलला का?" मी तणतणतच विचारलं.

"हलणार कसा? पृथ्वीच्या पोटात असतो तेवढा दाब लागतो, वसंता. तुझा जॅक कुठे पुरणार?"

"मग नेता कशाला?"

"म्हणून काय हात जोडून बसू?"

हयातभर सरांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर, नोटाबंदीच्या वर्षी, एका मासिकात त्यांनी वाचलं की दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा गंज भयंकर दाबला, तर तो धातूसारखी वीज वाहू देतो. झालं! माणूस पेटला. "पुस्तक काय म्हणतं? गंज वीज वाहू देत नाही. पूर्णविराम! किती दाबाला, ते नको सांगायला?"

तेव्हापासून कुणी काही ठामपणे बोललं की सर कडाडतात, "किती दाबाला?" माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाचे काका म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे." सरांनी भरल्या बैठकीत विचारलं. काकांच्या हातातला चहा सांडला. मी महिनाभर सरांशी बोललो नाही.

मग एका रविवारी तेच दारात. "टेम्पो काढ. वेवजीला जायचंय."

वाटेत त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी, त्यांच्या वर्गात असताना, वेवजीच्या सुनंदाने नववीच्या पेपरात लिहिलं होतं, 'गंज वीज नेत नाही, पण खूप दाबला तर कण जवळ येतील आणि नेईल.' सरांनी त्यावर फुली मारली. वर ते वर्गात मोठ्याने वाचलं. पोरं खिदळली. सुनंदाने नंतर कधी हात वर केला नाही.

"लाज वाटायला हवी होती तुम्हाला," मी म्हणालो. मला खरंच संताप आला होता.

"वाटते," सर म्हणाले.

सुनंदा अंगणात मिरच्या निवडत होती. लगबगीने हात पुसत तिने खुर्ची आणली. सरांना उत्तर तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"सुनंदा, गंज वीज वाहू देतो का गं?"

ती वर्गात उभी राहावी तशी ताठ उभी राहिली. "नाही सर. गंज वीज वाहू देत नाही." आणि हसली. "बघा, तुम्ही शिकवलेलं विसरले नाय."



"चुकीचं शिकवलं मी, बाय," सर म्हणाले. "तू लिहिलेलंस तेच बरोबर होतं."

"मी? मी काय लिहिलेलं?"

तिला काही आठवेना. तेव्हा सर खुर्चीवरून उठले, तिच्यासमोर उभे राहिले आणि तिचं उत्तर त्यांनी शब्दन् शब्द तिला म्हणून दाखवलं.