मावशींच्या गुहेतला फोटो

मी मूर्ख बाई आहे हे आधीच कबूल करते, कारण स्थलांतराला निघालेल्या वटवाघळांनी यंदा त्यांचा घरचा फोटो काढायला मला सोडून समोरच्या बिल्डिंगमधल्या हेमांगी कारखानीसला सांगितलं, आणि मी वटवाघळांशी अबोला धरला.

दिवाळीच्या सुमाराला ती आमच्या सोसायटीतल्या उंबरावर मुक्कामाला असतात. पुढे निघण्याआधी सगळ्या गोतावळ्याचा एक फोटो काढून घेतात आणि कोकणातल्या गुहेत नेऊन लावतात. हा मान इतकी वर्षं माझा होता. त्यासाठी मी नवऱ्याला स्कूटर विकायला लावून मोठी लेन्स घेतली. हेमांगी मोबाईलवर काढते. तोही मुलाचा जुना.

अबोला काही त्यांच्या लक्षात येईना. शेवटी मीच संध्याकाळी गॅलरीत जाऊन त्यांच्यातल्या थोरल्या मावशींना विचारलं, "माझं काय चुकलं?"

मावशी उंबर खात होत्या. "चुकलं असं नाही, वहिनी. पण तुम्ही फोटो सुलटा करून देता."

"बघायला बरं पडावं म्हणून."

"त्यात आम्ही सगळे डोकं वर करून उभे दिसतो. गेल्या वर्षी गुहेत धाकटीला बघायला पाहुणे आले होते. फोटो बघितला आणि उठून गेले."

"मग हेमांगी काय वेगळं करते?"

"त्या स्वतः लटकतात."

खरंच लटकते. गॅलरीतल्या झोपाळ्याच्या दांडीत पाय अडकवून, वेणी खाली सोडून. तिचं काय, पहिल्यापासून काटकुळी.

"मलाही एकदा संधी द्या," मी म्हटलं. "दोघींतला चांगला येईल तो न्या."

मावशी म्हणाल्या, "घरात विचारते." घरातल्यांची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी पंजाबी ड्रेस घालून कपडे वाळत घालायच्या दांडीला लटकले. माझा नवरा मिलिंद घोटे धरून उभा होता.

"पाठीत उसण भरली तर शेक मी देणार नाही," तो म्हणाला.

"नीट धर. हेमांगीला कोणी धरत नाही."

"हेमांगी हलत नाही."

उंबरावर सगळी मंडळी ओळीनं लटकली होती, पोरंटोरं पुढे. त्यांच्यामागे, पलीकडच्या गॅलरीत, हेमांगीही लटकून चहा पीत होती. थेंब सांडत नव्हता. मला बघून तिनं हात केला. मी बटण दाबलं.

खाली उतरून, डोकं गरगरत असतानाच मी कॅमेरा मावशींपुढे धरला. अर्थात उलटा. "खरं सांगा, तिच्यापेक्षा बरा आलाय ना?"

मावशींनी पंखाच्या नखीनं कॅमेरा जवळ ओढला. बराच वेळ बघितला. धाकटीलाही दाखवला.

"आम्ही जरा पुसट आलोय, वहिनी," त्या म्हणाल्या. "हेमांगीताई मात्र छान आल्यात."