किती निघाले?

गलांडे सरांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. नारळाची गोष्ट सांगून लोकांना हसवत राहिलो आणि पुढचं गिळून टाकलं.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघं पदार्थविज्ञान शिकवायचो. प्राचार्यांनी नवी स्कूटर घेतली, नारळ फोडला. पोरं खोबऱ्यावर झडप घालणार, तोच गलांडे हात पसरून आडवे! "हात लावू नका रं! आधी किती निघाले ते बघू!" मग गुडघ्यांवर बसून मोठ्यानं मोजणी. प्राचार्य हळदकुंकू धरून ताटकळलेले. कँटीनमध्ये बशी फुटली तरी हेच: "किती निघाले?"

या वेडाला कारण होतं. परदेशातल्या यंत्रातून प्रचंड वेगाचे प्रोटॉन फोटोच्या फिल्मवर असतो तशा रसायनाचा जाड थर दिलेल्या काचांत सोडत. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला की नवेच कण उधळत. काच धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रेघा दिसत. अशा काही काचा आमच्याकडे यायच्या. एका टकरीतून किती कण निघाले, ते मोजायचं. नियम एकच: प्रत्येक काच दोघांनी मोजायची, पण एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत. दोघांत फरक किती पडतो, त्यावरून नजरेतून किती निसटतं ते कळे.

सकाळी गलांडे, दुपारी मी. दुपारी जेवण अंगावर यायचं. मी त्यांचा पालथा कागद उलटायचो, आकडे उतरवायचो आणि टेबलावर डोकं टेकायचो.

दोघांचं मोजून झाल्यावर आकडे ताडून बघताना गलांडे हरखले. "जुळलं गड्या, पुन्हा जुळलं!" मूळचे दहिवडीकडचे, घरात एकटे. स्वतः थापलेली बाजरीची भाकरी माझ्यासाठी आणू लागले. "मला दिसतंय ते दुसऱ्या कुणाला दिसतंय, हे पयल्यांदाच होतंय बघ."

मी भाकरी खात राहिलो आणि दुपारी कागद उलटत राहिलो.

मग काचा पाठवणारे मोठे शास्त्रज्ञ आले. दोघांचे कागद शेजारी ठेवून म्हणाले, "दोन माणसांचं इतकं जुळत नसतं. कुणी कुणाचं पाहिलं?"

मी उगाच सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायला घेतली.

"चूक माझी हाय, साहेब," गलांडे म्हणाले. "मी मोठ्यानं मोजतो. ह्यो शेजारच्याच खोलीत असतो. कानावर जात असंल."

सूक्ष्मदर्शकापाशी गलांडे कधी ओठही हलवत नसत.

आमची मोजणी रद्द झाली, काचा परत गेल्या. दुसऱ्या दिवशी भाकरी मात्र आली.

पुढं कितीतरी वर्षांनी मिरजेच्या दवाखान्यात त्यांना भेटलो. दृष्टी गेली होती. "सर, त्या काचांचं..." एवढं म्हणालो, धीर सुटला आणि संत्रं सोलायला घेतलं.

"किती निघाल्या रं?"

"दहा."

त्यांनी फोडी चाचपल्याही नाहीत. "माझ्याबी धाच. जुळलं गड्या."

मी एक फोड त्यांच्या हातात ठेवली. सर, माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. ते तसंच घेऊन सांगलीच्या बसमध्ये बसलो.