तात्या शेवटचं प्रकरण वाचत नाहीत

दिनकरतात्यांनी आयुष्यात खुनाच्या ढीगभर कादंबऱ्या वाचल्या आहेत, पण त्यातल्या एकाही कादंबरीत खुनी कोण होता हे त्यांना माहीत नाही. शेवटचं प्रकरण आलं की ते पुस्तक मिटतात. तव्याला हात लागल्यावर मागे घ्यावा तसं, चटकन.

"आता समद्यांना दिवाणखान्यात बसवलंय," ते म्हणतात. "आता आपलं तिथं काय काम न्हाय."

आणि पुस्तक काखेत मारून चालायला लागतात.

चालायला लागतात म्हणजे ते आधीही चालतच असतात. तात्यांना बसून वाचताना मी पाहिलेलं नाही. विहाराच्या ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत, केएमटीच्या बसमध्ये जागा रिकामी असताना दांड्याला धरून, भाजीच्या रांगेत मेथीची जुडी बगलेत धरून, असं त्यांचं वाचन चालतं. एकदा वाचता वाचता ते दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात शिरले होते. तिथल्या लोकांनी "या पावणं" म्हणून जेवायला वाढलं. तात्यांनी उभ्यानंच जिलबी खाल्ली आणि नवरीच्या मामाकडे बघून शेजारच्याला विचारलं, "ह्यांचं इस्टेटीवरनं काय हाय काय हो?" मांडवात खरंच काहीतरी असावं, कारण पुढं बराच वेळ तिथं कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे.

तात्या आमच्या गल्लीतले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घरी एकटेच. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. त्याची दोन कपाटं मी सांभाळते आणि तिसरं तात्यांनी बळकावलंय. माझ्या कपाटांत चळवळीची पुस्तकं, अहवाल, जुन्या पत्रकांचे गठ्ठे. तात्यांच्या कपाटात नुसते मुडदे.

पण मुडदे साधे चालत नाहीत. तात्यांची खास आवड आहे आणि तिला ते 'घरगुती खून' म्हणतात. गाव छोटं पाहिजे. तिथं एखादी निवृत्त मास्तरीण किंवा बेकरीवाली बाई पाहिजे, जिला पोलिसांपेक्षा जास्त कळतं. रक्त दिसता कामा नये. मेलेला माणूस असा असावा की त्याच्यासाठी कुणाला रडू येऊ नये. आणि मांजर असेल तर ते शेवटपर्यंत जगलं पाहिजे. मांजराला धक्का लागला की तात्या पुस्तक परत करतात. "हलकट लेखक हाय," एवढाच शेरा.

पुस्तकाची शिफारस ते वैद्यासारखी करतात. आधी माणूस बघतात, मग पुस्तक देतात. कुणाची सून बाळंत होऊन आली, तर तिला नाटक मंडळीतल्या हारचोरीची कादंबरी. "आत्ता खून नगं. चोरी बास. दूध आटंल." शेजारच्या पाटीलगुरुजींना रक्तदाब आहे, म्हणून त्यांना अलीकडे चहाच्या मळ्यातली एक कादंबरी दिली होती. "ह्यात एकच मरतोय, त्यो बी झोपेत. सकाळच्या गोळीनंतर वाचा." मागच्या महिन्यात तात्या स्वतः एका बेटावरच्या कादंबरीवर खूश होते. वादळ आलंय, होडी बंद पडलीय, बंगल्यात मोजकी माणसं आणि त्यांच्यातलाच एक खुनी.

"कसली खुसखुशीत हाय गं," मला म्हणाले. "पानापानाला चहा हाय."

मी असली पुस्तकं वाचत नव्हते. आमच्या घरी कादंबरी कधी आलीच नाही. पत्रकं आली. वडील पत्रकं लिहायचे, आई ती वाटायची, आणि मी त्याच पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायचे. मला वाचता आलेला पहिला शब्द 'निषेध' हा आहे. पत्रकाबद्दल वडिलांचा एकच नियम होता, तो मीही पाळत आले: त्यात खोटा शब्द एकही जाऊ द्यायचा नाही. एक सापडला की बाकीचे खरे शब्दसुद्धा मरतात.

त्यामुळे तात्यांच्या कपाटाकडे बघून माझं डोकं तापायचं. लोक माझ्या कपाटासमोरून चपला सरकवत थेट तिसऱ्याकडे जायचे.

"तात्या, ही बंगलेवाल्यांची पुस्तकं आहेत," मी म्हणायचे. "बंगल्यात कुणी मेलं की पहिला संशय माळ्यावर. नाहीतर मोलकरणीवर. कायम."

"व्हय की."

"मग तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. म्हणून तर वाचतो."

"आणि शेवटी निघतो कोण? मालकाचा भाचा."

तात्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेवट सांगू नगंस."

"कुठल्याच पुस्तकाचा सांगत नाहीये मी, सर्वसाधारण बोलतेय."

"सर्वसाधारण बी नगं."

मग ओट्यावर एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हे बघ. शेवटच्या प्रकरणापातुर सगळी सारखीच असत्यात. मालकावर बी थोडा संशय, माळ्यावर बी थोडा. आन् चहा सगळ्यांना. तुझ्या पत्रकात तरी हाय का असलं काय?"

मी कपाट पुसायला घेतलं.

हे असंच चाललं असतं. पण विहारातला माईक गेला.

माईक नवा होता, बिनवायरचा, वर्गणी काढून आणलेला. विहार समितीचे अध्यक्ष भास्करराव यांचा त्यावर विशेष जीव. एकदा हातात आला की सोडायचे नाहीत. आभारप्रदर्शन दुसऱ्याचं असलं तरी माईक तेच धरायचे. रविवारच्या कार्यक्रमानंतर तो कपाटात दिसला नाही. विहाराची किल्ली दोघांकडे असते. एक भास्कररावांकडे, दुसरी सुमनताईंकडे. सुमनताई गडमुडशिंगीहून येतात, विहार झाडतात, समया पुसतात आणि पुढं दोन घरची कामं करून परत जातात.

किल्ल्या दोन, पण कुजबुज एकाच किल्लीबद्दल सुरू झाली. नळावर, किराणा दुकानात, रिक्षात. मला कुजबुजीची चीड आहे. मी समितीत सरळ म्हणाले, जे काय आहे ते उघड बोला, सगळ्यांसमोर बोला. भास्कररावांना तेच हवं होतं. त्यांनी बैठक बोलावली.

झाडून सगळी वस्ती आली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. सुमनताई सतरंजीच्या अगदी कडेला, अर्ध्या फरशीवर बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. तात्या दाराशी उभे, पुस्तक उघडं, पण पान उलटत नव्हतं.

भास्करराव माईकशिवाय बोलत होते, त्यामुळे आवाज चढवावा लागत होता. "वस्तू गेली ती बाहेरच्या माणसानं नेलेली नाही. हितं बसलेल्यांपैकीच कुणीतरी आहे. मी नाव घेणार नाही. ज्यांच्याकडं किल्ली असती त्यांनी आपणहून उभं राहून सांगावं."

सगळ्या माना एका बाजूला वळल्या. सुमनताईंनी हाताचा रेटा देऊन उठायला सुरुवात केली.

"थांबा," दारातून आवाज आला. "माईक मी न्हेला."

माना दाराकडे वळल्या. तात्यांनी पुस्तक मिटलं होतं.

"तुम्ही?" भास्करराव म्हणाले. "कसा नेला?"

"मागच्या खिडकीतनं आलतो. हातमोजे घालून."

"तात्या, खिडकीला गज हायत," कुणीतरी म्हणालं.

तात्यांनी खिडकीकडे एकदा बघितलं. "कापले."

"अवो, हायत की जाग्यावर. हे काय."

"परत जोडले."

पहिलं हसू बायकांतून आलं. भास्कररावांनी टेबलावर थाप मारली. "मग माईक कुठाय?"

"पुरला."

"कुठं?"

"गुलाबाच्या ताटव्याखाली."

"आपल्यात गुलाब कुठनं आला, तात्या? नळाखाली आळू हाय नुसतं."

"मग आळवाखाली," तात्या म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "मला पश्चात्ताप झालेला हाय. पोलिसांना बोलवा. पण आधी सगळ्यांना चहा द्या."

मग कुणालाच आवरेना. पाटीलगुरुजी रक्तदाब विसरून हसत होते. एकानं ओरडून विचारलं, मांजर कुठं हुतं त्या टायमाला? भास्करराव "मंडळी, मंडळी" करत राहिले, पण माईकशिवाय त्यांचं कोण ऐकणार. लोक हसत हसत उठले, चपला शोधायला लागले, जेवणाची वेळ झाली होती. बैठक तिथंच मोडली. एकट्या सुमनताई हसल्या नाहीत. जाताना दाराशी थांबून त्या तात्यांकडे बघत राहिल्या. तात्यांनी पुस्तक उघडलं आणि त्यात तोंड घातलं. पुस्तक उलटं होतं.

मी चिडले होते. "तात्या, हा काय पोरखेळ? खरं बाहेर यायला पाहिजे होतं."

"यील की. खऱ्याला काय घाई असत न्हाय."

दोन-तीन दिवसांनी ते आलं. माईक भास्कररावांच्या गाडीत, सीटखाली मिळाला. कार्यक्रम संपून लोक पांगत असताना त्यांना फोन आला होता. ते एका हातात फोन, दुसऱ्या हातात माईक घेऊन बाहेर गेले, बोलत बोलत गाडीत बसले आणि तसेच घरी गेले. वस्तीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'माईक मिळाला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली हात जोडलेले. त्याखाली लोकांचे अंगठे.

सुमनताई त्या ग्रुपवर नाहीत. त्यांचा फोन साधा आहे.

संध्याकाळी मी तात्यांना मेसेज दाखवला. ते ओट्यावर फेऱ्या मारत होते. आज फेऱ्या भराभर चालल्या होत्या आणि हातात पुस्तक नव्हतं. बोलायचं तर मलाही त्यांच्याबरोबर चालावं लागलं.

"तुम्हाला ठाऊक होतं माईक कुठं आहे ते?"

"मला काय ठावं? मी कवा शेवट वाचलाय?"

"मग कशाला म्हणालात मी नेला म्हणून?"

ते टोकापर्यंत गेले, वळले. "एका ऑफिसात असतानाची गोष्ट हाय."

"कुठल्या?"

"नाव कशाला. नाव घेतलं की संशय येतोय. तिथं सायबाचं मनगटी घड्याळ गेलं. सायबानं सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बोलावलं. समद्यांना खुर्च्या दिल्या. मला म्हणाले, कांबळे, तू उभा ऱ्हा."

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मला पळत गाठावं लागलं.

"मग?"

"मग काय. उभा ऱ्हायलो."

"घड्याळ?"

"सापडलं की. पावसाळा संपल्यावर. रेस्ट हाऊसच्या गादीखाली पडलेलं. सायबानं शिपायाला सांगितलं, शिपायानं कँटीनमध्ये सांगितलं. झालं."

"आणि तुम्हाला?"

"मला कँटीनवाल्यानं सांगितलं. चहा देता देता." ते वळले. "संशय घ्यायला समद्यांना हॉलात बसवत्यात गं. 'ह्यो न्हवं' म्हणून सांगायला परत कोण बसवत न्हाय."

त्या रागात मी घरी जाऊन आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक लिहिलं. त्यात निषेध नव्हता, मागण्या नव्हत्या. 'माईक अध्यक्षांच्या गाडीत होता. सुमनताईंचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.' सकाळी ते विहाराच्या दारावर खळीनं चिकटवलं. भास्करराव आले, वाचलं, मला म्हणाले, "एवढं जाहीर करायची काय गरज होती?" मी म्हणाले, "बैठक जाहीर होती." पत्रक काढायला मात्र ते धजले नाहीत, कारण मागं लोक वाचत उभे होते. सुमनताई झाडू घेऊन आल्या. वाचता येतं त्यांना, पण शेजारच्या बाईला म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की." त्या बाईनं मोठ्यानं वाचलं. सुमनताई म्हणाल्या, "आणि एकदा."

तात्या आले तेव्हा गर्दी पांगली होती आणि मी पायरीवर बसले होते. त्यांनी पत्रक वाचलं. एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून धरून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते बेटावरचं होतं, वादळाचं. रात्री मी संपवलं होतं. तेवढं मात्र कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"शेवट वाचलास?"

"वाचला."

"कोण हुतं ते सांगू नगंस." ते ओट्यावर एक फेरी मारून आले. "एवढंच सांग. त्या माळ्यावर पहिल्यांदा संशय गेलता. त्यो सुटला?"

"सुटला."

अजून एक फेरी. "मग शेवटाला सांगितलं काय तसं? समद्यांसमोर? ह्यो न्हवं म्हणून?"

शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात बसले होते, भाचा पकडला गेला होता, चहा झाला होता. माळ्याचं त्यात नावसुद्धा नव्हतं.

"सांगितलं," मी म्हणाले. "त्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. मालकांनी स्वतः माफी मागितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

तात्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुस्तकासाठी त्यांनी हात पुढे केला, आणि मग तो हात त्यांनी तसाच मागे घेतला.

"पोरी," ते म्हणाले, "खिडकीला गज हायत."

आणि विहाराच्या पायरीवर, माझ्या शेजारी, हळूच बसले.