गजूभाऊचा उपास

सरावात गजूभाऊचं बोट निखळून आडवं झालं, तेव्हा आम्ही सगळे ओरडलो. त्यानं बोटाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "काई नाई झालं. जरासं तिकडं पाहून राहिलं थे."

गजूभाऊ आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान. गाव चांदूर रेल्वे, घरी संत्र्याची बाग, अंगानं खांबासारखा. आता आम्ही सगळे पोटं सुटलेले गृहस्थ झालोय, पण तेव्हा त्याच्यासारखं व्हावं असं प्रत्येकाला वाटे. दुखणं कबूल करणं त्याला जमतच नसे. एकदा परीक्षेला तापानं थरथरत बसला होता. सरांनी विचारलं, तर म्हणाला, "थंडी हाय सर." अमरावतीत, मे महिन्यात!

दुसऱ्या कोणाचा पाय मुरगळला की मात्र हाच माणूस मांडी घालून तेल चोळत बसे. स्वतःची चढाई फुकट गेली की भर मैदानात स्वतःच्याच थोबाडीत मारून घेई. मी एकदा म्हटलं, "काहून मारतो भाऊ स्वतःले?"

"मंग का मुका घेऊ?"

त्या वर्षी अंतिम सामना अकोल्याला होता. शेवटच्या चढाईत गजूभाऊवर चौघं पडले. उजवा खांदा निखळला, सामनाही गेला. डॉक्टरांनी खांदा बसवून हात गळ्यात बांधून दिला. दवाखान्याबाहेर येताच त्यानं ती पट्टी सोडून खिशात कोंबली.

अकोल्यातच, जठारपेठेत माझी मावशी राहते. तिनं सगळ्या संघाला जेवायला बोलावलं होतं. पोरं वांग्याच्या भाजीवर तुटून पडली. गजूभाऊ ताटासमोर नुसता बसलेला.

"मावशी, मले उपास हाय."

"बुधवारी कायचा उपास रे?"

"हाय एक."

मावशीनं त्याच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ती शेजारी बसली, वरणभात कालवला आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला. सगळा संघ बघत होता. गजूभाऊ लाजला, पण घास घेतला.

"लय दुखते का रे?"

"नाई." मावशीनं दुसरा घास पुढे केला. "दुखते मावशी. लय दुखते. अन् सामना मीच घालवला." एवढं बोलून तो रडायलाच लागला.

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "याचा खांदा निखळला असता, तं याले बोलला असता का तू?"

"याले काहून बोलू?"

"मंग सोताले काहून बोलतो?"

गजूभाऊनं डाव्या हातानं डोळे पुसले. मावशी भरवत राहिली, तो जेवत राहिला. मग दिवाणावर आडवा झाला आणि लहान मुलासारखा झोपला. आमची दुपारची गाडी निघून गेली. कोणी त्याला उठवलं नाही.

संध्याकाळी सगळे तीन-चार ऑटो करून स्टेशनला निघालो. ऑटो खड्ड्यात आदळला, तसा गजूभाऊ पुढे वाकून ऑटोवाल्याला म्हणाला, "भाऊ, जरा हळू घ्या ना. माहा खांदा दुखून राहिला."

त्या ऑटोत आम्ही तिघं होतो. कोणी हसलं नाही.