कॉल कुणाकडं आहे?

तुम्ही या क्षणी कुठं आहात, हे तुमच्याखेरीज आणखी कुणाला ठाऊक आहे का? हसू नका. आमच्या लालबागच्या चाळीत नाना तावडे नावाचे गृहस्थ राहतात. हा प्रश्न त्यांनी विचारला असता आणि तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, तर नळ उघडा टाकून गावाला गेलेल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी तुमच्याकडं बघितलं असतं.

नाना स्वतः कुठं आहेत, हे मात्र सगळ्या चाळीला ठाऊक असतं. नको असलं तरी. सकाळी टमरेल घेऊन निघाले की शेजारच्या ढवळ्यांच्या दाराशी थांबून ते आत वर्दी देतात, "मी संडासात. शेवटचा दरवाजा." ढवळ्यांची सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी ही वर्दी तिला मिळाली. ती बिचारी सासूकडं बघत राहिली. सासू म्हणाली, "हो म्हण गं. नाहीतर ते जायचे नाहीत."

नाना परळच्या एका इस्पितळात फिटर आहेत. बॉयलर, पंप, लिफ्ट, औजारं उकळायच्या वाफेच्या पेट्या, हे सगळं चालू ठेवणं त्यांचं काम. पाळी संपली तरी तिथला एक फिटर 'कॉलवर' असतो. म्हणजे काही बिघडलं की इस्पितळाचा वॉर्डबॉय घरी हाक मारायला येतो आणि असेल तसं उठून जायचं असतं. एक आठवडा नाना, एक आठवडा त्यांचे जोडीदार भागोजी कांबळे, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

कॉलच्या आठवड्यात नानांचं जग हाकेच्या टप्प्याएवढं होई. न्हाव्याकडं गेले तर एकच गाल करून आधी रस्त्यावर डोकावून येत, मग दुसरा. मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा ते गेले नव्हते. नानांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणत, "माझ्या माहेरी अजून समजतात, ह्यांना सरकारनं नजरकैदेत ठेवलंय."

एका वर्षी गणपतीत चाळीनं ऐतिहासिक नाटक बसवलं. नानांचा कॉल असल्यामुळं त्यांना पळापळीचं काम नको म्हणून पहिल्याच लढाईत मरणाऱ्या सैनिकाचं काम दिलं. नाना मेले, चांगले मेले. त्यांच्या प्रेताशेजारी उभा राहून सरदार भाषण करत होता, इतक्यात प्रेक्षकांतून वॉर्डबॉयची हाक आली, "नाना, लिफ्ट अडकली." प्रेत उठलं, प्रेक्षकांना नमस्कार केला, सरदाराला म्हणालं, "तुमचं चालू द्या," आणि दाढीमिशांसकट परळकडं चालू लागलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या नर्सबाई दार उघडल्यावर किंचाळल्या, असं म्हणतात. त्या वर्षी सर्वांत जास्त टाळ्या त्या प्रेताला पडल्या.

उलट मोकळ्या आठवड्यात नाना सापडायचे नाहीत. ट्रामनं पार कुलाब्यापर्यंत जात, गिरगावात फणसपोळी शोधत हिंडत, चौपाटीवर निजत. त्या आठवड्यात संडासाची वर्दीही बंद असे.

कॉल एकाकडून दुसऱ्याकडं जायचा तो शनिवारी संध्याकाळी. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या घरी जायचं, हा नानांचा कायदा. पूर्वी एकदा तो इस्पितळाच्या गेटवर, येता-जाता दिला गेला होता. नानांना वाटलं कांबळ्यांनी घेतला. कांबळ्यांना वाटलं उद्यापासून. पंप बंद पडला, वॉर्डबॉय दोन्ही घरी जाऊन परत आला आणि बाळंतिणींच्या वॉर्डात पाणी नाही. तेव्हापासून गेटवरची देवघेव बंद. नाना म्हणत, "घाईत माणूस कशालाही हो म्हणतो. घरी येऊ दे, बसू दे, मग म्हणू दे."

मी समोरच्याच खोलीत राहतो, त्यामुळं हा सोहळा अनेकदा पाहिला आहे. कांबळे यायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. नाना आठवड्याचं सगळं सांगायचे: कुठला व्हॉल्व्ह जड फिरतो, कोळसा कसा आलाय, कुठल्या सिस्टरला लवकर राग येतो. कांबळ्यांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं. चुकलं की नाना पुन्हा सुरुवातीपासून. शेवटी नाना विचारत, "कॉल कुणाकडं?" कांबळे म्हणत, "माझ्याकडं." मगच काकी चहा आणत. त्याआधी मागितला तरी मिळत नसे. पुढच्या शनिवारी नाना डिलाईल रोडला कांबळ्यांच्या खोलीवर जात आणि तिथं गिरजावहिनी, म्हणजे कांबळ्यांच्या पत्नी, चहा ठेवून वाट बघत बसत.

कांबळे डिलाईल रोडच्या कुठल्या वस्तीतले, हे आमच्या चाळीनं लगेच काढलं. ही चाळ मोर्चात समतेच्या घोषणा देते, पण कपबशीपाशी आली की तिला धर्म आठवतो. ढवळ्यांच्या सुनेच्या सासूबाईंनी काकींना कानात सुचवलं की निदान कप तरी वेगळा ठेवावा. नानांनी ते ऐकलं आणि भर गॅलरीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजी, तुमच्या मोतीबिंदूची औजारं उकळली ती वाफ कांबळ्यांच्या आठवड्यातली. डोळा परत करायचा असेल तर सांगा, विचारून बघतो." कपाचा विषय पुन्हा निघाला नाही. डोळा सासूबाईंनी ठेवून घेतला.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची, असं वर बसलेल्यांनी ठरवलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. मी तेव्हा पत्रकं लिहीत होतो, अजून लिहितो. नाना मला 'पत्रकवाले' म्हणत, पण प्रत्येक पत्रक दोनदा वाचत. हरताळाच्या दिवशी चाळीतली सगळी माणसं मोर्चाला निघाली. नानांचा कॉलचा आठवडा होता. ते गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते आणि खालून घोषणा गेली की ओठ हलवत होते.

आणि त्याच सकाळी, नानांचा आठवडा अर्धाच झालेला असताना, कांबळे जिना चढून आले. म्हणाले, "नाना, कॉल द्या मला. तुम्ही जा."

नाना म्हणाले, "आज शनिवार नाही."

"मुंबई तरी कुठं शनिवारची वाट बघतेय? पुढच्या मोर्चाला मी जाईन, तुम्ही थांबा."

तरी नानांनी कायदा सोडला नाही. घाईघाईनं का होईना, सगळं सांगितलं, परत म्हणवून घेतलं, प्रश्न विचारला, उत्तर घेतलं, काकींनी चहा दिला. मग नाना आमच्याबरोबर निघाले. इतका आनंदात असलेला माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही. शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसांना ते सांगत होते, "मी आज कॉलवर नाही." ती माणसंही भली, अभिनंदन करत होती.

दुपारनंतर पोलिसांनी गोळ्या घातल्या. आम्ही होतो तिथं नाही, मागं, आमच्याच गिरणगावात. जखमी इस्पितळात येऊ लागले, वाफ कमी पडू लागली, वॉर्डबॉय डिलाईल रोडला धावला. कांबळे हातातली भाकर ठेवून निघाले. परळला पोचायच्या आधी रस्त्यातच त्यांना गोळी लागली. त्यांना आणलं ते त्याच इस्पितळात.

नानांना हे कळलं ते मोर्चातून परतल्यावर, इस्पितळाच्या गेटवर. ते सरळ बॉयलरपाशी गेले. पुढचे कित्येक दिवस ते तिथून हलले नाहीत. कांबळ्यांच्या अंत्ययात्रेलाही नाही. आत जखमी होते आणि वाफ लागत होती. लोकांना ते पटलंही. पण वाफेची घाई सरली, तरी नाना डिलाईल रोडला गेले नाहीत.

कांबळ्यांच्या जागी धुरी नावाचा मालवणकडचा फिटर आला. हसरा, तरणा, कामात बरा. तो नेमानं शनिवारी येई. नाना त्याला सगळं सांगत, परत म्हणवून घेत, एक शब्द चुकू देत नसत. मग प्रश्न न विचारताच चहा मागवत. धुरी म्हणे, "नानानु, माका कॉल कधी देतल्यात?" नाना म्हणत, "पुढच्या शनिवारी." असे शनिवार किती गेले, देव जाणे. मोकळा आठवडा नानांच्या आयुष्यातून गेलाच. संडासाची वर्दी बारमाही झाली. छाती आधीच कोळशानं धरली होती. आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची पाळी आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ही धावपळ थांबली नाही तर माणूस जाईल.

काकी माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "तू एवढ्या लोकांना पटवतोस. ह्यांना पटव."

मी नानांपुढं कामगाराच्या विश्रांतीच्या हक्कावर चांगलं भाषण केलं. नानांनी ते संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रकवाले, कॉल माझ्याकडं नाहीच. तो कांबळ्यांकडं आहे. त्या दिवशी दिला, तो परत घ्यायला मी गेलोय कुठं? माझ्याकडं नाही ती वस्तू मी धुरीला देऊ कशी?"

मी भाषण पुन्हा सुरुवातीपासून धरणार होतो. काकी मात्र उठल्या आणि पदर खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "मग चला. आज शनिवारच आहे."

आम्ही तिघं गेलो. नाना दर दिव्याच्या खांबाशी थांबत होते. दम लागला म्हणून, असं म्हणत होते. डिलाईल रोडच्या त्या खोलीत भिंतीवर आता बुद्धाची तसबीर होती आणि खाली कांबळ्यांचा फोटो. गिरजावहिनींनी दार उघडलं, नानांकडं बघितलं आणि बाजूला सरल्या.

"लई शनिवार चहा ठेवला, नाना," त्या म्हणाल्या. "मग ठेवायचा बंद केला."

नाना खाली बसलेच नाहीत. "वहिनी, कॉल परत न्यायला आलोय. उशीर झाला."

मग वहिनींनी जे सांगितलं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कांबळे सकाळी कॉल घेतल्यावर परस्पर इस्पितळात एक फेरी मारून आले होते आणि हाक आल्यावर निघताना बायकोला सांगून गेले होते: मला यायला उशीर झाला आणि नाना आले तर सांग, गरम पाण्याच्या पंपाची पॅकिंग गळतेय, आवळू नका, बदला.

तो पंप केव्हाच मोडीत गेला होता. नाना ते बोलले नाहीत. हात जोडावेत तशी टोपी दोन्ही हातांत धरून त्यांनी म्हटलं, "गरम पाण्याच्या पंपाची पॅकिंग गळतेय. आवळायची नाही. बदलायची." वहिनी इतकी वर्षं चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत आलेल्या. त्यांनी विचारलं, "कॉल कुणाकडं, नाना?"

नानांनी आधी कांबळ्यांच्या फोटोकडं बघितलं, नंतर वहिनींकडं. "माझ्याकडं," ते म्हणाले. मग ते बसले, आणि काकी आत जाऊन वहिनींबरोबर चहा करू लागल्या.

चहा पिताना वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली, तक्रारीचा सूर न लावता. गिरणगावात चळवळीच्या सभेत हुतात्म्यांची नावं वाचतात, त्यांत भागोजी कांबळे हे नाव नसतं. त्या विचारायला गेल्या होत्या. तिथल्या कार्यकर्त्यानं समजूत घातली: बाई, ते कामावर चालले होते, मोर्चात नव्हते.

नानांनी कप खाली ठेवला. "मोर्चात मी होतो," ते म्हणाले. "ती जागा कांबळ्यांनी दिलेली. त्यांनी कॉल घेतला नसता तर मोर्चात मी नसतो, आणि त्या रस्त्यावर मी असतो. मग ते मोर्चात नव्हते कसे?"

त्याच रात्री, जेवणाआधी, धुरीला कॉल मिळाला. त्यानं थट्टा केली नाही. 'माझ्याकडं' म्हणाला आणि नानांच्या पाया पडला. नाना आता मोकळे आहेत, पण कुलाब्याला जात नाहीत. सकाळची वर्दी अजून देतात. ढवळ्यांची सून 'हो' म्हणते.

गेल्या महिन्यातल्या सभेला ते माझ्याबरोबर आले होते. नावं वाचून झाली, तेव्हा गर्दीत उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि दम पुरला नाही. पुढच्या ओळीतल्या दोघांनी मागं वळून बघितलं, एवढंच. व्यासपीठावर घोषणा सुरू झाली होती. मी हात वर करून ओरडलो, पण एकटा आवाज. लोकांना वाटलं मीही घोषणाच देतोय.

म्हणून तुम्हाला सांगतो. मुंबई अजून आपल्याला मिळालेली नाही. सभा होतच राहणार, आणि तुम्ही जाणारच. नावं वाचून संपली की लगेच घोषणा देऊ नका. आधी उभे राहा, आणि व्यासपीठावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं एक नाव घ्या: भागोजी कांबळे, फिटर, डिलाईल रोड.