भर दुकानात शोभामावशी

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या खाली राहणाऱ्या शोभामावशी दुकानदाराला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळू द्यायच्या नाहीत. त्यांची स्वतःची गरज संपून वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या कोणत्याही पोरीसाठी त्या ते आणायच्या आणि गोल बाजारातून मेथीच्या जुडीसारखे हातात मिरवत यायच्या. "चोरीचा माल हाय का?" हे वर. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, एकट्या. कुणाची मूळव्याध बरी झाली का, हे त्या जिन्यातून ओरडून विचारत. त्या दिसल्या की लोक दारं लोटून घ्यायचे. आम्हीही.

रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी म्हणून आम्ही नागपूरहून आलेलो, मुलगी सहा महिन्यांची. माझं सिझेरियन जिवावर बेतलं होतं. इतक्यात दुसरं नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि निरोध फाटला.

अशा वेळी घ्यायची गोळी मिळते, एवढं टीव्हीमुळे ठाऊक होतं. नवरा आणायला गेला. काउंटरवर त्याचे साहेब उभे, म्हणून खोकल्याचं औषध घेऊन आला. दुपारी परत गेला आणि बाम आणला. मी जिन्यात बसून रडायला लागले.

"काहून रडून राहिली व?" मावशी खालून वर आल्या.

मी सांगून टाकलं. त्यांनी चपला घातल्या. "चाल. पोट्टीले घे कडेवर."

दुकानात गर्दी होती. "भैया, वो इमरजेंसी वाली गोली दो. बच्चा न ठहरने वाली."

गर्दीतल्या माना आमच्याकडे वळल्या.

"दीदी, डॉक्टर की पर्ची?"

"इसमें पर्ची नहीं लगती. डब्बे पे देखो."

त्यानं पाहिलं. नव्हतीच लागत. मग अंगावर पाजणारीला चालते का, उलटी झाली तर काय, हेही मावशींनी तिथंच विचारलं. खाली मान घालून तो सांगत राहिला: चालते, तीन दिवसांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यायची, पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घ्यायचं. लाजेनं माझे कान तापले होते. मागची एक बाई मात्र डोक्यावरचा पदर सरकवून, कान देऊन ऐकत होती.

घरी येऊन मी गोळी घेतली. मावशी जाईनात. उलटी होते का बघत, मुलीला मांडीवर घेऊन बसल्या.

"माही लहान बहीण अभनपूरले दिली होती," त्या एकदम म्हणाल्या. "दोन लेकरं झाले होते. तिसरं नको होतं. विचारावं कोणाले? एका बाईनं कायची तरी मुळी दिली."

बराच वेळ त्या मांडीवरच्या माझ्या मुलीचे तळपाय चोळत राहिल्या.

"लोकायले सांगितलं, तापानं गेली. मीबी तेच सांगितलं."

मळमळलं, पण उलटी झाली नाही. पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. एका सकाळी पाळी आली, तशी मी खाली धावले. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"आली," मी म्हटलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी जवळ बसले. त्यांच्या बहिणीचं नाव विचारलं.

त्यांनी डोळे पुसले. ते नाव तोंडातून निघून फार दिवस झाले असावेत.

"इंदू," त्या म्हणाल्या.