तीन ओळींचे सोनकांबळे

सोनकांबळे भेटले की नमस्कार करत नसत. "हाल सांगा, तीन ओळींत," म्हणत. तब्येत, घर, शिफ्ट. चौथी ओळ सुरू झाली की ते चालू लागत.

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या पिंपरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला थंडगार खोली मिळाली आणि आम्हाला दाराबाहेर चपला काढायचा हुकूम. मशीनची मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, किती तास चालू आहे, हे बघायला चार कमांड द्याव्या लागत, आणि उत्तर येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्या मशीनवर नेमलेले लातूरकडचे सोनकांबळे यानं हैराण. "माणूस इचारायलाय अन् ह्ये दात कोरायलंय!"

त्यांनी स्वतःचीच एक कमांड लिहिली. नाव 'हाल'. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत सगळी माहिती पडद्यावर. मग पापणीलाही वेळ लागतो म्हणून आणखी तीन महिने घालवले. ज्यासाठी मशीन आणलं होतं, ती स्टोअरमधल्या मालाची यादी मात्र तशीच पडून होती.

साहेब खूश. येईल त्या पाहुण्याला 'हाल' दाखवत. एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांनी पडदा बघितला आणि विचारलं, "छान. पण हे काम काय करतं?"

सगळे सोनकांबळ्यांकडे बघू लागले.

"सध्या तब्येत सांगायलंय, साहेब."

यादीला आठ दिवसांची मुदत मिळाली. सोनकांबळ्यांनी ती चार दिवसांत संपवली आणि पाचव्या दिवशी कामावर आलेच नाहीत. यादीचे छापलेले कागद सोनकांबळ्यांकडून तपासून आणायला साहेबांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं.

चिंचवडला दोन खोल्या. खाटेवर त्यांचे वडील. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, आदल्याच रात्री गावाहून आणलेले. मला पाहून ते बोलू लागले. "तु... तुमी..." पुढचा शब्द ओठांत अडकला. मी मदतीला धावलो, "मी कंपनीतला, यांच्याबरोबर..."

सोनकांबळ्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा. त्येंचं त्येंना बोलू द्या."

आम्ही थांबलो. शेजारचा रेडिओ बातम्या संपवून गाण्यांवर आला. सोनकांबळे वडिलांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचेही ओठ हलत होते, पण ते आवाज काढत नव्हते.

"तुमी... जेवून... जाताव... ना?"

मी कारखान्यात डबा खाऊन निघालो होतो. "हो," म्हणालो, आणि मांडी घालून बसलो.